प्रतिसृष्टीचे आकाश : जादू आणि खगोलभौतिकी यांच्या कल्पित जगांचा आढावा

ज्या कल्पित जगात मंत्राने दिवा पेटतो आणि त्याच वेळी ग्रह गुरुत्वाकर्षणाच्या नियमांनी फिरतात, अशा जगाची रचना हा अद्भुतरम्य साहित्यातला एक स्वतंत्र प्रश्न आहे. जादू म्हणजे इच्छा, शब्द किंवा विधी यांचा पदार्थावर थेट होणारा परिणाम. खगोलभौतिकी तारे, ग्रह आणि दीर्घिका यांचा उलगडा भौतिक नियमांनी करते. तिथे कोणाच्या इच्छेला जागा नसते. दोन्ही एका आकाशाखाली आणली की आधी हद्दीचा वाद उभा राहतो. समजा, पौर्णिमेला जादूगाराचे बळ वाढते. ते चंद्राच्या प्रकाशामुळे वाढत असेल, तर आभाळ भरून येताच कमी होईल. चंद्राच्या ओढीमुळे वाढत असेल, तर भरतीप्रमाणे अमावास्येलाही तेवढेच वाढेल. आणि केवळ तिथीमुळे वाढत असेल, तर तळघरात कोंडलेल्या जादूगारालाही ते मिळेल. तिन्ही उत्तरे चालण्यासारखी आहेत, पण प्रत्येकातून वेगळे जग आणि वेगळी गोष्ट निघते.

अशा रचनेला मराठीत नेमका शब्द आहे : प्रतिसृष्टी. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. लेखक एक दुय्यम विश्व निर्माण करतो आणि त्या विश्वाचे नियम आतून सुसंगत असतील तोवरच वाचकाचा विश्वास टिकतो, असे त्यांचे म्हणणे होते. आकाशाच्या बाबतीत ही सुसंगती विशेष कठीण असते. राजवाडा किंवा जंगल एकाच प्रकरणापुरते येते. सूर्य, चंद्र आणि ऋतू मात्र सगळ्या पात्रांना रोज दिसतात.

पूर्वपीठिका

प्रतिसृष्टीची कल्पना वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात येते. सदेह स्वर्गात निघालेल्या त्रिशंकूला देव खाली ढकलतात, तेव्हा विश्वामित्र त्याला अधांतरी रोखून धरतो आणि दक्षिणेला नवे सप्तर्षी व नवी नक्षत्रमाला निर्माण करतो. मराठीत त्रिशंकू हे नाव दक्षिण आकाशातल्या एका खऱ्या तारकासमूहाला मिळाले आहे. महाराष्ट्रातून तो उन्हाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजालगत दिसतो. मुंबईहून तो जास्तीत जास्त अकरा-बारा अंशच वर येतो. ना पुरता वर, ना पुरता खाली, ही त्याची जागा कथेला साजेशी आहे.

राहू-केतूंचे उदाहरण याहून बोलके आहे. अमृत पिणाऱ्या असुराचे मस्तक कापले गेले आणि ते सूर्यचंद्रांना गिळू लागले, ही कथा आणि चंद्राच्या कक्षेचे गणित एकाच नावाखाली नांदले. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटांनी ग्रहण छायेमुळे होते असे मांडले. पंचांगातले राहू आणि केतू हे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते ते दोन बिंदू असून त्यांची फेरी सुमारे १८.६ वर्षांत पूर्ण होते. कथा आणि गणित यांची निरीक्षणे एकच होती. फरक स्पष्टीकरणात होता.

युरोपात ही गाठ योहानेस केप्लर यांच्या ‘सोम्नियम’ या ग्रंथात पडली. केप्लर १६३० मध्ये वारले आणि ग्रंथ १६३४ मध्ये छापला गेला. त्यात आइसलँडमधल्या एका तरुणाची जडीबुटी विकणारी आई पिशाच्चाला पाचारण करते आणि ते चंद्रप्रवासाची हकिकत सांगते. अशी पिशाच्चे ग्रहणाच्या वेळी पडणाऱ्या छायेतून ये-जा करतात. प्रवासाचे साधन जादूचे असले तरी पोहोचल्यावरचे आकाश काटेकोर गणिताचे आहे. चंद्राच्या एका अर्ध्यातून पृथ्वी आकाशात जवळपास जागच्या जागी दिसते, दुसऱ्या अर्ध्यातून कधीच दिसत नाही, आणि दिवस पंधरवड्याचा असतो. केप्लर यांनी या छोट्या गोष्टीला २२३ टिपा जोडल्या. त्यांच्या आईवर चेटकाचा खटला झाला, १६२० मध्ये तिला अटक झाली आणि १६२१ मध्ये ती सुटली. आपल्या हस्तलिखिताने या आरोपाला खतपाणी घातले, असे केप्लर यांना वाटत होते. साधन जादूचे आणि आकाश गणिताचे ही त्यांची वाटणी आजही सर्वाधिक वापरली जाते.

नात्याचे चार प्रकार

गेल्या शतकभरातल्या कल्पित जगांमध्ये जादू आणि आकाश यांचे नाते साधारण चार प्रकारांनी जोडलेले दिसते.

पहिल्या प्रकारात आकाश हेच जादूचे असते. टोल्किन यांच्या आर्दा या जगात सूर्य आणि चंद्र दोन दिव्य वृक्षांच्या फळाफुलापासून घडले आणि मुळात सपाट असलेले जग एका महाप्रलयात गोल झाले. सी. एस. लुइस यांच्या नार्नियात तारा ही व्यक्ती असू शकते. १९५२ च्या ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मध्ये विश्रांती घेणारा एक तारा भेटतो. टेरी प्रॅचेट यांचे १९८३ पासूनचे डिस्कवर्ल्ड हे कासवाच्या पाठीवरच्या चार हत्तींनी पेललेले चपटे जग आहे. त्याच्या दाट जादूक्षेत्रात प्रकाश इतका मंदावतो की पहाट भूप्रदेशावरून ओघळत येते.

दुसऱ्या प्रकारात आकाश भौतिक नियमांचे असते आणि जादू त्याच्याशी बांधलेली असते. एन. के. जेमिसिन यांच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रोकन अर्थ’ या त्रयीत भूकंप आवरण्याची शक्ती असलेली माणसे आहेत आणि जगाच्या सततच्या भूगर्भीय उलथापालथीचे मूळ हरवलेल्या चंद्रात आहे. लेखकांना खगोलशास्त्राची ओळख करून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘लाँच पॅड’ कार्यशाळेला जेमिसिन गेल्या होत्या आणि या जगाच्या घडणीत तिचा वाटा आहे. ब्रँडन सँडरसन यांच्या ‘कॉस्मियर’ विश्वात अनेक ग्रहमाला आहेत. रोशर या ग्रहाचे गुरुत्व पृथ्वीच्या ०.७ पट ठरवलेले असून तिथले महाकाय कवचधारी प्राणी त्याच चौकटीत बसवले आहेत.

तिसऱ्या प्रकारात जादू म्हणजे अजून न उलगडलेले भौतिकशास्त्र. फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या १९९५ ते २००० मधल्या त्रयीत एका विश्वात धर्मसत्ता ज्याला ‘डस्ट’ म्हणते, त्याचाच शोध दुसऱ्या विश्वातली भौतिकशास्त्रज्ञ कृष्णद्रव्य म्हणून घेत असते. पुरेसे प्रगत तंत्रज्ञान जादूहून वेगळे ओळखता येत नाही, हा आर्थर सी. क्लार्क यांचा प्रसिद्ध नियम याच प्रकाराचा पाया आहे.

चौथ्या प्रकारात आकाशाच्या नियमित चक्रात जादूने बिघाड केलेला असतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९९६ पासूनच्या कादंबरीमालेत उन्हाळे-हिवाळे कित्येक वर्षे चालतात आणि त्यांची लांबी आधी कळत नाही. याचे कारण जादूचेच असेल, असे मार्टिन यांनी सांगितले आहे.

तारा, ग्रह आणि ऋतू

मार्टिन यांच्या ऋतूंनी शास्त्रज्ञांनाही खुणावले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये विनोदाने एक शोधनिबंध लिहून दोन ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा पर्याय तपासला. ब्रिस्टल विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ डॅन लंट यांनी २०१७ मध्ये त्या जगाचे संगणकी हवामान-प्रारूप केले. ग्रहाचा आस सूर्याभोवतीच्या फेरीबरोबर स्वतःही फिरत राहिला, तर एकच गोलार्ध सतत सूर्याकडे कलता राहतो आणि ऋतू वर्षानुवर्षे टिकतो, ही युक्ती त्यांनी वापरली. लांब ऋतू गणितात बसवता येतो. बेभरवशाचा ऋतू बसवणे फार अवघड जाते. जादूची गरज नेमकी त्या दुसऱ्या जागी उरते.

ऋतू प्रामुख्याने आसाच्या कलामुळे होतात. पृथ्वीचा कल आज सुमारे २३.४ अंश असून तो सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान डुलतो. मोठ्या चंद्रामुळे तो एवढा आवरलेला आहे. मंगळाला असा चंद्र नाही, आणि त्याचा कल लाखो वर्षांच्या ओघात शून्यापासून सुमारे ६० अंशांपर्यंत भरकटू शकतो, असे जॅक लास्कर आणि फिलिप रोब्युटेल यांनी १९९३ मध्ये दाखवले. म्हणून एखाद्या कथेत चंद्र चोरला गेला, तर भरती लगेच सुमारे एक तृतीयांशावर येईल, कारण सूर्याची ओढ उरेल. ऋतूंचा तोल मात्र हळूहळू, कित्येक पिढ्यांच्या पलीकडे जाईल.

दोन सूर्यांचे जग आता निव्वळ कल्पनेतले राहिलेले नाही. २०११ मध्ये जाहीर झालेल्या केप्लर-१६बी या ग्रहाचे दोन तारे एकमेकांभोवती ४१ दिवसांत फिरतात आणि ग्रह दोघांभोवती २२९ दिवसांत. ग्रह ताऱ्यांपासून पुरेसा दूर राहिला तरच अशी कक्षा टिकते. तीन सूर्य तुल्यबळ आणि जवळजवळ असले की गती अनिश्चित होते. लिऊ त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’चा तोच आधार आहे, आणि आंरी प्वांकारे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गणितात दाखवलेली अडचणही तीच. आयझॅक असिमोव्ह यांच्या १९४१ च्या ‘नाइटफॉल’ या कथेत सहा सूर्यांच्या ग्रहावर २,०४९ वर्षांतून एकदाच रात्र होते आणि तारे प्रथमच दिसल्यावर माणसे भ्रमिष्ट होतात. तिथे जादूचा लवलेश नसूनही आकाश दैवी कोपासारखे वागते.

ताऱ्याची निवड इतिहासाची लांबीही ठरवते. सूर्यासारखा तारा सुमारे १,००० कोटी वर्षे स्थिर जळतो. दहापट वस्तुमानाचा निळा तारा दोन-तीन कोटी वर्षांतच संपतो. पृथ्वीवरचे डायनोसॉर नाहीसे होऊन ६.६ कोटी वर्षे झाली; त्याच्या निम्म्या काळात असा तारा जन्मून फुटलेलाही असतो. त्याच्या प्रकाशात प्राचीन संस्कृती वसवायची, तर ती दुसरीकडून आलेली असावी लागते. उलट टोकाला लाल बटू तारे आहेत. ट्रॅपिस्ट-१ भोवती २०१७ पर्यंत सात ग्रह सापडले असून त्यांची ‘वर्षे’ दीड ते एकोणीस दिवसांची आहेत. इतक्या जवळच्या ग्रहांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी असते. तिथे एका अर्ध्यात अखंड दुपार, दुसऱ्यात अखंड रात्र आणि मध्ये संधिप्रकाशाचा पट्टा असेल. सूर्योदयाचा मंत्र अशा जगात वेळेला बांधलेला राहणार नाही. तो म्हणण्यासाठी त्या पट्ट्यापर्यंत चालत जावे लागेल.

चंद्र, तिथी आणि ग्रहण

कल्पित आकाशात सर्वात आधी वाढवला जातो तो चंद्र. दोन चंद्रांची पौर्णिमा अनुक्रमे २० आणि २८ दिवसांनी येत असेल, तर दोघांची जोडपौर्णिमा दर १४० दिवसांनी येईल. हा आकडा हाती आला की सण, महिने आणि जादूचे पर्व आपोआप ठरते. पण दोन्ही चंद्र आपल्या चंद्राएवढे जड असतील, तर इतक्या जवळच्या कक्षांमध्ये ते एकमेकांना ओढून घडी विस्कटतील. म्हणून ते बरेच हलके असावे लागतात, नाहीतर एकमेकांपासून फार लांब. भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. चंद्र निम्म्या अंतरावर आणला की भरती आठपट होते आणि किनाऱ्यावरची बंदरे आत सरकतात. मंगळाचा फोबोस सुमारे पावणेआठ तासांत फेरी पूर्ण करतो, त्यामुळे तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. असा चंद्र जादूशिवायही अपशकुनी वाटू शकतो.

ग्रहणाचा मोह लेखकांना जुना आहे. जयद्रथवधात कृष्णाने सूर्य झाकला, अंधार पडला आणि सूर्य पुन्हा दिसताच वध झाला. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. ग्रहण म्हणून तो प्रसंग वाचायचा, तर दोन अटी येतात. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते आणि खग्रास स्थिती साडेसात मिनिटांहून जास्त टिकत नाही. रायडर हॅगार्ड यांच्या १८८५ च्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’च्या पहिल्या आवृत्तीत पौर्णिमेच्या लगतच सूर्यग्रहण झाले होते, पुढे ते चंद्रग्रहण करावे लागले. खुद्द टोल्किन यांच्याही चंद्राची गडबड झाली. कथानकाच्या दोन धाग्यांमध्ये चंद्र एकाच वेळी अशक्य गोष्टी करतो आहे, हे १९४४ मध्ये ध्यानात आल्यावर त्यांनी प्रकरणे दुरुस्त केली. उलट बाजूचे उदाहरण इतिहासात आहे. पंचांगातले चंद्रग्रहण आधी ठाऊक असल्याने कोलंबसने १५०४ मध्ये जमैकाच्या रहिवाशांना आपला देव कोपल्याचे भासवले आणि अन्नाचा पुरवठा मिळवला. गणित एकालाच येत असेल तिथे ते दुसऱ्याला जादूच वाटते.

शक्तीचा हिशेब

जादूला ऊर्जा कुठून मिळते, या प्रश्नाला लॅरी निवेन यांनी थेट उत्तर दिले. १९६९ मधल्या एका कथेत आणि पुढे ‘द मॅजिक गोज अवे’मध्ये त्यांनी जादूची शक्ती खनिज तेलासारखी संपणारी मानली; एका ठिकाणची वापरून संपली की तिथे मंत्र चालत नाही. जेमिसिन यांची पात्रे शक्ती भोवतालच्या उष्णतेतून ओढतात, आणि त्यांच्याभोवतीची जमीन व जिवंत प्राणी गोठतात.

हिशेब मांडला की काही अनपेक्षित गोष्टी दिसतात. ७० किलोचा माणूस १०० मीटर उंच उचलायला सुमारे ६९ किलोज्यूल लागतात. एका पोळीतली ऊर्जा त्याहून जास्त असते. पण एक घनमीटर पाण्याची वाफ करायला सुमारे २६० कोटी ज्यूल लागतात, म्हणजे एका माणसाचे जवळजवळ दहा महिन्यांचे अन्न. उडणे स्वस्त आणि तळे आटवणे महाग, हा क्रम बहुतेक कथांच्या समजुतीच्या उलटा आहे. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कथेत चमत्कार करू शकणारा एक साधा माणूस पृथ्वीला फिरणे थांबवायला सांगतो; पृथ्वी थांबते आणि तिच्यावरचे सगळे त्याच वेगाने पुढे फेकले जाते. वेल्स यांनी गतीचा हिशेब पाळला, ऊर्जेचा सोडून दिला. पृथ्वीच्या भ्रमणात सुमारे २ वर २९ शून्ये एवढे ज्यूल साठलेले आहेत. सूर्याची सगळी ऊर्जा त्यासाठी नऊ मिनिटांहून थोडी अधिक खर्ची पडेल.

भोवतालची उष्णता ओढून काम करून घेणे हेही फुकट नाही, कारण उष्णतागतिकीचा दुसरा नियम आड येतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एक सूक्ष्म द्वारपाल कल्पिला होता. तो वेगवान आणि मंद रेणू वेगळे करतो आणि हा नियम चुकवतो. भौतिकशास्त्रात त्याला मॅक्सवेलचा राक्षस म्हणतात. रोल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले की माहिती पुसायलाही किमान ऊर्जा लागते, आणि राक्षसाची फुकटेगिरी तिथेच पकडली जाते. ज्ञानावर चालणाऱ्या जादूला यातून एक नैसर्गिक किंमत मिळते : प्रत्येक मंत्रानंतर काहीतरी विसरावे लागणे.

मुहूर्त, क्षेत्र, दिशा

ऊर्जेच्या हिशेबाच्या मुळाशी एक खोल प्रमेय आहे. एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये सिद्ध केले की निसर्गनियमांच्या प्रत्येक अखंड समरूपतेतून एक अक्षय्य राशी निघते. नियम काल, आज आणि उद्या तेच राहतात म्हणून ऊर्जा अक्षय्य. इथे आणि तिथे तेच राहतात म्हणून संवेग अक्षय्य. सगळ्या दिशांना तेच राहतात म्हणून कोनीय संवेग अक्षय्य.

पारंपरिक जादू नेमकी या तीन समरूपता नाकारते. मंत्र विशिष्ट मुहूर्तावरच फळतो, विशिष्ट क्षेत्रीच सिद्ध होतो आणि साधकाने विशिष्ट दिशेलाच तोंड करावे लागते. मुहूर्त खरा मानला, तर नियम काळानुसार बदलतात, आणि ऊर्जा अक्षय्य राहण्याचे बंधन सुटते. अशा जगात ऊर्जा कुठून आली, हा प्रश्न गैरलागू ठरतो. त्याऐवजी पर्वकाळात जड वस्तू स्वस्तात वर चढवून एरवी खाली सोडणारी चक्की कोणी बांधली का, हे विचारावे लागते. ती बांधता येत असेल, तर त्या जगाची अर्थव्यवस्था तिच्याभोवती फिरेल. खऱ्या विश्वातही याचा धागा आहे : विश्व प्रसरण पावते तसतशी प्रकाशकणांची ऊर्जा घटते आणि ती दुसरीकडे कुठे जमा झाल्याची नोंद सापडत नाही.

निसर्गस्थिरांक बदलणारी जादू मात्र आकाशात लगेच उघडी पडते. पॉल डिरॅक यांनी १९३७ मध्ये गुरुत्वस्थिरांक काळाबरोबर घटत असावा अशी कल्पना मांडली. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांच्या गुरुत्वसिद्धांतातही बदलत्या स्थिरांकाला जागा होती. एडवर्ड टेलर यांनी १९४८ मध्ये अडचण दाखवली. ताऱ्याचे तेज या स्थिरांकाच्या साधारण सातव्या घाताने वाढते, म्हणजे स्थिरांक दहा टक्के वाढला की सूर्य जवळजवळ दुप्पट तळपेल. म्हणून गुरुत्व हलके करणारा मंत्र वस्तूपुरता किंवा जागेपुरता ठेवावा लागतो.

अंतर, वेळ आणि भविष्य

क्षणात दूर जाण्याच्या जादूपुढे पहिला अडथळा पृथ्वीच्या फिरण्याचा आहे. विषुववृत्तावरचा माणूस सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो, ध्रुवावरचा जवळजवळ स्थिर असतो. ध्रुवावरून विषुववृत्तावर प्रकट झालेल्या साधकाला भोवतालची जमीन ध्वनीहून जास्त वेगाने सरकताना दिसेल. निवेन यांनी आपल्या स्थानांतराच्या कथांमध्ये हा फरक आणि उंचीतल्या फरकाची ऊर्जा, दोन्हींचा विचार केला आहे.

ताऱ्यांमधल्या अंतराला प्रकाशवेगाची मर्यादा येते. मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी शेकडो प्रकाशवर्षे दूर आहे. आज तो फुटला तर कित्येक पिढ्यांनी दिसेल. ताऱ्यावर अवलंबून असलेली जादू प्रकाशाबरोबर येत असेल, तर मेलेल्या ताऱ्याचे बळ शतकानुशतके मिळत राहील. ती क्षणात येत असेल, तर जादूगारांना तारा विझल्याचे खगोलशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी कळेल. पण तत्क्षण संदेशाला वेगळी किंमत आहे. सापेक्षतेनुसार ‘एकाच क्षणी’ ही गोष्ट पाहणाऱ्याच्या गतीवर ठरते, म्हणून प्रकाशाहून वेगवान निरोप काही निरीक्षकांच्या दृष्टीने पाठवण्याआधीच पोहोचतो. उर्सुला ले ग्विन यांनी १९६६ मध्ये ‘अँसिबल’ हे तत्क्षण संदेशाचे यंत्र कल्पिले आणि ते अनेक लेखकांनी उचलले. जादूच्या जगात त्याचा अर्थ असा होतो की दूरसंदेश आणि भविष्यकथन या दोन वेगळ्या विद्या राहत नाहीत.

काळ मंदावणे ही कल्पना पुराणांना नवी नाही. भागवतातला ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. थोडा वेळ थांबून परततो, तोवर पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटलेली असतात. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटात एका कृष्णविवराजवळच्या ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांएवढा आहे. चित्रपटाचे सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या गणिताप्रमाणे त्यासाठी कृष्णविवर जवळजवळ कमाल शक्य वेगाने फिरत असावे लागते. प्रमाण एवढे टोकाचे नसले तरी परिणाम रोजच्या वापरातला आहे : जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती सतत करावी लागते.

कृष्णविवर आणि कृष्णद्रव्य

कृष्णविवराला कथेत बहुधा सगळे गिळणाऱ्या राक्षसाची भूमिका मिळते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे, सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वीची कक्षा बदलणार नाही. फक्त उजेड आणि ऊब जाईल. विद्रूप होणे, काळ मंदावणे आणि परतीचा मार्ग बंद होणे हे सगळे त्याच्या अगदी निकट घडते. म्हणून कल्पित जगात ते वेशीसारखे उपयोगी पडते : दूर असेपर्यंत निरुपद्रवी, ओलांडल्यावर अटळ. मराठीत नारळीकर यांनी विज्ञानकथालेखन सुरू केले ते ‘कृष्णविवर’ याच नावाच्या कथेने. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती.

विश्वातल्या द्रव्य-ऊर्जेपैकी नेहमीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के आणि कृष्णऊर्जा ६८ टक्के आहे. एवढी मोठी अज्ञात शिल्लक पाहून जादूचा उगम तिथे ठेवण्याचा मोह होतो. पण कृष्णद्रव्य फार विरळ आहे. पृथ्वीएवढ्या आकारमानात कोणत्याही क्षणी ते जेमतेम अर्धा किलोच्या आसपास असते आणि शरीरातून आरपार जाते. पुलमन यांनी ही अडचण टाळली. त्यांच्या त्रयीत कृष्णद्रव्य इंधन म्हणून येत नाही. ते जाणिवेशी जोडलेले आहे आणि जाणत्या जिवांकडे ओढले जाते. त्यांनी नवा नियम एकच घातला आणि तीन खंडांत त्याचेच परिणाम दाखवले.

त्या जगातल्या माणसांचे ज्ञान

लेखकाला माहीत असलेले भौतिकशास्त्र आणि पात्रांना माहीत असलेले शास्त्र वेगळे ठेवावे लागते. पात्रांकडे पंचांग असेल, सूत्र नसेल. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे, म्हणून पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. हा मास घेणे-टाळणे हे कल्पित जगात राजकारणाचे कारण होऊ शकते. सुमारे २६,००० वर्षांच्या परांचन गतीमुळे ध्रुवतारा बदलतो. इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते त्या सुमारास ध्रुवाजवळ ठुबान हा तारा होता. दहा हजार वर्षे जुन्या भाकितात ‘ध्रुव’ म्हटलेला तारा आज दुसराच असेल, तर भाकीत खोटे न ठरता चुकीचे वाचले जाते. शब्दही आकाश ठरवते : दोन चंद्रांच्या जगात ‘महिना’ कोणाचा, आणि अखंड दुपारच्या जगात ‘उद्या’ कशाला म्हणायचे, हे प्रश्न संवादापर्यंत पोहोचतात.

रचनेचा क्रम आणि नेहमीचे दोष

यशस्वी प्रतिसृष्टींमध्ये कामाचा क्रम बहुधा सारखा दिसतो. आधी नात्याचा प्रकार ठरतो. मग तारा, ग्रहाची कक्षा, आस आणि चंद्र बेतले जातात, आणि त्यांतून दिनमान, ऋतू, भरती व पंचांग निघते. त्यानंतर जादूचा अपवाद सांगितला जातो : कोणता नियम, कुठे आणि कोणत्या किमतीला मोडतो. शेवटी त्या अपवादाचे परिणाम शेती, युद्ध, व्यापार आणि धर्म यांपर्यंत नेले जातात. हॅल क्लेमेंट यांच्या १९५३ च्या ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’तल्या मेस्कलिन ग्रहाचा दिवस १८ मिनिटांचा आहे; गुरुत्व विषुववृत्तावर पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवाकडे शेकडो पट आहे. तिथे जादू अजिबात नाही, तरी एका आकड्यातून प्राण्यांचे बुटके शरीर आणि पडण्याची दहशत कशी निघते, याचा तो नमुना आहे.

दोष मुख्यतः तीन आहेत. पहिला, गरजेप्रमाणे नियम वाढवत जाणे. सँडरसन यांच्या २००७ मधल्या लेखाचा आशय असा की वाचकाला जादू जितकी कळलेली असेल, तितकीच ती पेच सोडवायला वापरावी. दुसरा, शोभेचे आकाश : तीन चंद्र वर्णनात येतात, पण समुद्र आणि पंचांग त्यांना ओळखत नाहीत. तिसरा, उशिरा केलेले शास्त्रीकरण. टोल्किन यांनी उत्तरायुष्यात आपल्या पुराणकथा खऱ्या खगोलशास्त्राशी जुळवण्याचा प्रयत्न केला : जग पहिल्यापासून गोल आणि सूर्य पहिल्यापासून जळता. त्या काळातले मसुदे १९९३ मध्ये ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात प्रसिद्ध झाले. दोन वृक्षांचा प्रकाश, त्यांचा नाश आणि त्यातून जन्मलेले सूर्यचंद्र यांवर सगळी कथा उभी होती. आकाश बदलले असते तर तिचा पायाच निघाला असता. ती फेररचना अपुरीच राहिली.